चौदा पोती रस्ता

९ ऑक्टोबर १९८३

आजपासून मी बेन वाक वाडीच्या सहकारी संस्थेचा लेखनिक झालो. आधीच्या लेखनिकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वाडीत शुद्ध लिहिणारा माणूस मी एकटाच उरलो. हे गर्वाने लिहीत नाही, आहे ते लिहितोय. माझं नाव खिएम. खिएम म्हणजे विनम्र. बायको, थोम, म्हणते, "नाव ठेवायला तुमच्या आईनं जरा घाईच केली."

ही वही तिनेच आणून दिली. म्हणाली, "मनात येईल ते सगळं हिच्यात लिहीत जा. मला सांगत बसू नका." माझ्या लेखनावर तिचा असा जीव आहे.

पहिलंच काम मोठं आलंय. अध्यक्ष ताओकाकांनी रस्त्यासाठी तालुक्याला अर्ज लिहायला सांगितलाय. वाडीपासून नदीच्या बंधाऱ्यापर्यंत दीड किलोमीटर नुसता चिखल. बंधाऱ्यावर चढलं की सडक, दवाखाना, बाजार, सगळं जग. गेल्या वर्षी लुआमावशीच्या नवऱ्याच्या पोटात कळ आली. चौघांनी झोळीत घालून उचललं. गुडघाभर चिखलातून काटेसावरीच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर सकाळ सरली, आणि तिथेच त्याचा श्वास थांबला, झोळी खाली ठेवावी लागली. नंतर डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आला असतात तर. मावशी त्यावर एक शब्द बोलली नाही. अजून बोलत नाही.

निघताना थोम म्हणाली, "घरात दुओंग नाही."

मी म्हटलं, "त्याचाच तर अर्ज लिहायला चाललोय."

"अहो, चालायचं नाही. चहात घालायचं!"

आमच्या भाषेत रस्ताही दुओंग आणि साखरही दुओंग. बायका याचा उगाच घोळ घालतात. पुरुषाला संदर्भावरून लगेच कळतं.

११ ऑक्टोबर

अर्ज झाला. सात पानं. सुरुवात नदीपासून केली, मग पूर्वज, मग लढाईतलं वाडीचं योगदान, आणि पाचव्या पानावर चिखल. चिखलाचं वर्णन वाचून ताओकाकांनी डोळे पुसले. निदान डोळ्यांना हात तरी लावला.

दुपारी लुआमावशी पान चघळत आली. ती वाडीतल्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. वय एकसष्ट. तिच्यापुढे ताओकाकासुद्धा टोपी काढतात.

"वाच," म्हणाली.

वाचलं. पाऊण तास लागला. मधे तिने दोनदा पान जमवलं.

"छान आहे रे. पण ज्याला वाचायचंय त्याच्या टेबलावर असले चाळीस कागद पडलेत, आणि त्याला भूक लागलीय. काप."

"काय कापू?"

"नदी काप. पूर्वज काप. ते काही रागावत नाहीत."

मग एकेक वाक्य घेऊन बसली. "'बांधून द्यावं' कशाला? नुसतं 'द्यावं' लिही. बांधायला आपले हात आहेत की." पटलं. "दीड किलोमीटर काढ. आकडा दिसला की सरकार दचकतं." तेही पटलं. मी लिहिलं होतं, 'काँक्रीटचा आग्रह नाही, साध्या विटांचंही चालेल.' ती म्हणाली, "त्याऐवजी 'जाडंभरडं चालेल' लिही. त्यात गरिबी नीट दिसते."

सायंकाळी सात पानांचा अर्ज चार ओळींचा उरला. तो असा:

'आमच्या वाडीत दोनशे बारा घरं आहेत. लढाई संपल्यापासून दुओंगवाचून फार हाल आहेत. म्हातारीकोतारी, पोरंबाळं आणि बाळंतिणी यांना विशेष त्रास होतो. तरी तेतच्या सणाआधी वाडीला दुओंग द्यावं ही विनंती. जाडंभरडं, तांबडं, कसंही चालेल.'

खरं सांगतो, वाचून मला माझाच अभिमान वाटला. मोजके शब्द वापरणं हीच खरी शैली.

"आता दोन प्रती काढ," मावशी म्हणाली. "एक बांधकाम खात्याला. एक पुरवठा खात्याला."

"पुरवठा खात्याचा काय संबंध?"

"अरे, पुरवठा खातं म्हणजे पुरवणारी माणसं. जे पुरवणार त्यांना नको कळायला?"

मी दुसरी प्रत काढायला घेतली.

२ नोव्हेंबर

तालुक्याकडून काही नाही. मावशीच्या मंडळाने घरोघरून शेंगदाणे गोळा करायला घेतलेत. भाजून, सालं काढून पोत्यात भरून ठेवतायत. तीळही पाखडून झाले. मोठी पितळी कढई कल्हई करून आणली. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "रस्त्याच्या कामावर माणसं येतील, त्यांच्या तोंडात काही पडायला नको?"

केवढी दूरदृष्टी! ताओकाकांनी अजून फावडीसुद्धा मोजलेली नाहीत. थोम तर दिवसभर शेंगदाणे सोलताना आपल्याशीच हसत असते. बायकांना एकत्र काम करायला मिळालं की त्या खूश असतात.

१८ नोव्हेंबर

खांदा दुखतोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी निरोप आला, बंधाऱ्यावर तालुक्याची मालमोटार आलीय, तुमचं दुओंग घेऊन जा. अख्खी वाडी निघाली. फावडी, कुदळी, घमेली, पुढे ढोल. भाषण मी महिनाभर आधीच पाठ करून ठेवलं होतं. नेमक्या रिमझिम सरी सुरू झाल्या. चिखल तुडवत बंधारा चढलो तर तिथे ना खडी, ना रोलर. ताडपत्रीखाली चौदा पोती.

ताओकाकांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. वाकून खालीही पाहिलं. "रस्ता कुठाय?"

चालक म्हणाला, "रस्ता? मी रस्त्यावरच उभा आहे, काका. हे तुमचं दुओंग. जाडं आहे, तांबडं आहे. तुम्ही मागितलं होतं तसंच." आणि त्याने एका पोत्याच्या शिवणीत बोट घालून चाटून दाखवलं.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

ताओकाका माझ्याकडे वळले. इतक्या शांतपणे त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "खिएम, तू काय लिहिलं होतंस?"

मी चार ओळी म्हणून दाखवल्या. म्हणता म्हणताच ते 'दुओंग' माझ्या कानात वेगळंच वाजलं. पोरगी सासरी पाठवावी तसा तो अर्ज मी नटवून पाठवला होता, आणि ती भलत्याच घरी जाऊन नांदायला लागली होती!

"परत पाठवा!" काका ओरडले. "सरकारची फसवणूक होईल ही!"

"पाठवा की," लुआमावशी म्हणाली. "पण लवकर ठरवा. भिजलं तर नदीतल्या माशांचा चहा गोड होईल. खिएम, तुझ्या अर्जात एक अक्षर तरी खोटं होतं का?"

"नाही, मावशी."

"त्यांच्या पोत्यात काही खोटं आहे का?"

"नाही."

"मग सही कर."

सही केली. चौदा पोती आळीपाळीने खांद्यावर, चिखलातून, काटेसावरीपाशी तीनदा विसावत वाडीत आणली. रस्ता नसल्यामुळे रस्ता आणायला संध्याकाळ झाली.

थोमने रात्री चहात दोन चमचे घातले. तिच्यासमोर मी म्हटलं, "माझं तोंड कडू झालंय." म्हणाली, "तरी प्या." प्यालो. सहा महिन्यांनी गोड चहा. वाईट वाटत असतानाही चव कळते, ही माणसाची केवढी मोठी कमजोरी.

२० नोव्हेंबर

सभा झाली. अर्धी साखर घरोघर वाटायची आणि अर्धीची चिक्की करायची, असा ठराव मावशीने मांडला. पलीकडे शेतांच्या टोकाला वीटभट्टी आहे. तिथे जास्त भाजलेल्या, वाकड्यातिकड्या विटांचा डोंगर पडलाय, कोणी फुकट नेत नाही. भट्टीवर साठ माणसं, त्यांची पोरंबाळं, सण तोंडावर, आणि साखरेचा दाणा नाही.

"चिक्की द्यायची, विटा घ्यायच्या," मावशी म्हणाली.

हे तिला उभ्या उभ्या सुचलं! मी तर थक्क झालो. शेंगदाणे आधीच सोललेले होते हा केवळ योगायोग, नाहीतर आठवडा गेला असता.

ताओकाका कुरकुरले. पण कढईतून वास सुटला तसे तेही कढईजवळ सरकत गेले.

४ डिसेंबर

बायका कावडीच्या दोन्ही टोपल्यांत चिक्की घेऊन जातात आणि विटा घेऊन येतात. भट्टीचा मुकादम पहिल्या दिवशी म्हणाला म्हणे, "या विटा टाकाऊ आहेत, बायांनो." मावशी म्हणाली, "आम्हाला रस्ता करायचाय, सून नाही करायची."

विटांचा ढीग वाडीच्या तोंडाशी उभा राहिलाय. पण रचायला कोणी येत नाही. ज्याला विचारावं तो अंगणात बसून चहा पितोय. गोड चहा. ताओकाकासुद्धा म्हणाले, "आता सण झाल्यावर बघू. घाई काय आहे?" साखर पोटात गेली की रस्ता डोक्यातून जातो असं दिसतं.

मावशी थोडा वेळ ढिगाकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे आली. "खिएम, सरकारनं एवढं दिलं, आभाराचं पत्र नको धाडायला?"

खरंच की! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लगेच लिहिलं: 'दुओंग मिळालं. वाडी सुखी आहे. लहानथोर सगळे त्याचा रोज लाभ घेत आहेत.' मावशी म्हणाली, याही दोन प्रती धाड. आपल्या माणसांत कृतज्ञता अजून शिल्लक आहे.

१७ डिसेंबर

मेलो.

बांधकाम खात्याचं पत्र आलंय. 'आपल्या वाडीस दुओंग मिळाल्याचं आपल्या पत्रावरून समजलं. आमच्या दप्तरी मात्र त्याची नोंद आढळत नाही. तरी लांबी, रुंदी व सपाटी तपासण्यासाठी निरीक्षक कॉम्रेड दोआन चौदा जानेवारीस येत आहेत.'

ताओकाकांनी पत्र तीनदा वाचलं. "सपाटी," एवढंच म्हणाले, आणि खाली बसले.

मी सांगितलं, मी सगळा गुन्हा माझ्या अंगावर घेतो. काका म्हणाले, "तुझं अंग पुरणार नाही."

लुआमावशी दारात उभी होती. तिने पत्र ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगंबाई. अठ्ठावीस दिवस आहेत म्हणायचे." तिचं गणित फार जलद चालतं.

१९ डिसेंबर

काय चमत्कार! वाडीत एक माणूस घरी नाही. ताओकाका स्वतः कावड खांद्यावर घेऊन भट्टीवर गेले. एक खांदा सोलवटून आले तर दुसऱ्या खांद्यावर पुन्हा गेले. ज्यांनी साखर वाटून घेतली होती त्यांतल्या चाळीस-पन्नास घरांनी उरलेली कढईत आणून ओतली. कोणी मागितली नव्हती.

एकाच गोष्टीवरून कटकट झाली. रस्ता बांधायचा तर एका टोकापासून बांधावा हे लहान मुलालाही कळतं. पण मावशीने पहिली वीट ठेवली ती अधेमधेच, काटेसावरीच्या खाली. तिथला चिखल स्वतः हातांनी काढला, राख घातली, वीट बसवली, वरून पायाने दाबली. ताओकाका म्हणाले, "बाई, हे काय? इथून कुठे जायचं?"

"दोन्हीकडे," मावशी म्हणाली.

तिला बांधकामातलं कळत नाही हे उघड आहे. पण कोणी वाद घातला नाही. काकाही तिच्या शेजारी बसून वीट ठोकायला लागले. मीही बसलो. थोम माझ्याकडे बघत होती, का ते कळलं नाही. तिचे डोळे ओले होते. राख उडत होती.

९ जानेवारी १९८४

हातांना फोड आलेत म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. रस्ता अजून दोनशे पावलं अपुरा आहे, बंधाऱ्याच्या बाजूने. विटा संपल्या. साखर संपली. तीळही संपले. मी गुपचूप कबुलीपत्र लिहून ठेवलंय, नऊ पानं. ते खिशात असलं की जरा झोप लागते.

१४ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही.

कॉम्रेड दोआन सायकलवरून आले. वाळलेल्या बोंबलासारखा माणूस. एका हातात मोजपट्टी, तोंडावर रेघसुद्धा हलत नाही. पहिली दोनशे पावलं चिखल होता. ते सायकल खांद्यावर घेऊन त्यातून चालत आले. एक चप्पल आत राहिली. ती त्यांनी स्वतः काढली, कोणाला हात लावू दिला नाही. मग विटा सुरू झाल्या. त्यांनी पाय पुसले, चप्पल घातली, मोजत मोजत वाडीपर्यंत आले आणि विटांवर दोनदा उडी मारली.

"पक्कं आहे," म्हणाले. "पण तिकडे का संपलं?"

ताओकाका टोपी सावरू लागले. लुआमावशी म्हणाली, "पोरांनी खाल्लं, साहेब."

मी खिशातलं कबुलीपत्र चाचपलं. निरीक्षकांनी मावशीकडे पाहिलं. मग खाली वाकून एक वीट निरखली. वाकडी, एका बाजूने काळी पडलेली. "ही आमच्या खात्याची वीट नाही. आमची याहून वाईट असते. कुठून आणलीत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पुढे झालो आणि नऊ पानांचं कबुलीपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं अर्धं वाचलं. मग घडी घालून मला परत केलं.

"कॉम्रेड, यात अजून नदीच चाललीय. थोडक्यात काय झालं?"

आयुष्यात मला हा प्रश्न कोणी इतका सरळ विचारला नव्हता. मी म्हटलं, "रस्ता मागितला, साखर आली. साखरेची चिक्की केली. चिक्की देऊन विटा आणल्या. विटांचा रस्ता केला."

सगळी वाडी दोन्ही बाजूंना उभी होती.

"म्हणजे आमच्या खात्याकडून तुम्हाला काय मिळालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"तुमच्याकडून?" मी म्हटलं. "काहीच नाही, साहेब."

"एक पत्र मिळालं," मावशी म्हणाली.

निरीक्षकांनी मोजपट्टी गुंडाळली. मग म्हणाले, "यंदा माझ्या तपासणीच्या यादीत एकोणीस रस्ते आहेत. अठरा बघून आलो. त्यांतला एकही जागेवर नाही. काहींना खडी पोचली, काहींना भाषण. हा एकोणिसावा. हा आहे." त्यांनी नोंदवही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "बेन वाक वाडी. दुओंग मिळालं. उत्तम प्रतीचं. वाडीच्या गरजेला दोनशे पावलं कमी पडलं. उरलेलं लवकर द्यावं, अशी शिफारस."

ताओकाकांनी अडखळत विचारलं, "साहेब, उरलेलं म्हणजे... कोणतं?"

"ते मी कशाला लिहू?" कॉम्रेड दोआन म्हणाले. तोंडावरची एक रेघ हलल्यासारखी वाटली. "चिक्की शिल्लक आहे का?"

नव्हती. पण थोमने पदराआडून एक पुडी काढली. घरात साखर संपली असं ती मला चार दिवस सांगत होती! त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बाकीची पुडी खिशात घातली आणि सायकलवर बसून निघाले. विटांवरून पार शेवटपर्यंत पेडल मारत गेले. मग उतरले, चपला काढून हातात घेतल्या.

रात्री थोमला म्हटलं, "बघ, शेवटी माझ्या शैलीनेच वाचवलं." ती म्हणाली, "हो, नऊ पानांनी." आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली. आनंद झाला की माणसं अशीच हसतात.

२३ जानेवारी

आज मावशी मला म्हणाली, "सायकल काढ. मला बंधाऱ्यापर्यंत सोड." मागे बसली. काटेसावरीखालून गेलो तेव्हा तिने माझ्या पाठीला एक बोट लावलं. मी विचारलं, थांबू का? म्हणाली, "नको. थांबायचं नाही म्हणून तर केलाय."

बाजारात काही काम होतं का, तर तेही नव्हतं. नुसती बंधाऱ्यावर उभी राहिली आणि परत आली. वयामुळे माणसं विसरतात कशाला निघालो ते.

३० जानेवारी

तेत, आमचा नव्या वर्षाचा सण, तीन दिवसांवर आलाय. घरोघर केळीसारख्या पानांत चिकट भात बांधून शिजवायला ठेवलाय. माझी कीर्ती मात्र आधीच शिजून बाहेर पडली!

कालव्यापलीकडच्या वाडीचा लेखनिक मुद्दाम मला भेटायला आला. भिएन नाव. हातात जिवंत कोंबडी, बगलेत अकरा पानांचा अर्ज. त्यांना कालव्यावर पूल हवाय. त्यांचा बांबूचा पूल गेल्या पुरात एका बाजूने कलंडला, तेव्हापासून लोक जीव मुठीत धरून ये-जा करतात. आल्या आल्या बिचाऱ्याची त्रेधा उडाली. अंगणात पोरं पायाने पिसांचं फूल उडवत होती. त्या फुलालाही कौ म्हणतात आणि पुलालाही कौच. "कौ पडलं, कौ पडलं!" अशी पोरं ओरडली आणि भिएन कोंबडीसकट उठून कालव्याकडे धावत सुटला. त्याला धरून आणून बसवावं लागलं.

मी त्याला चहा दिला आणि माझं तत्त्व समजावून सांगितलं: मोजके शब्द, मुद्द्याला धरून, आणि कुठे काय कापायचं ती नजर. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग मी लेखणी घेतली आणि त्याची पहिली चार पानं एका फटक्यात उडवली. मला आता हे जमतं.

तेवढ्यात लुआमावशी आली. पान जमवत शेजारी टेकली. 'कालव्यावर कौ बांधून द्यावं' यातलं 'कालव्यावर' आणि 'बांधून' तिने काढायला लावलं. ठीकच होतं, लांबण लागत होती. मग अंगणातल्या पोरांकडे तिचं लक्ष गेलं. त्यांचं उडतं फूल निरखत राहिली.

"भिएन," ती म्हणाली, "तुमच्या वाडीत पोरं किती आहेत रे?"

"पोरं?" तो गोंधळला. "असतील दीडशे. पुलाचा आणि पोरांचा काय संबंध, मावशी?"

मलाही कळेना. पण मावशीने त्याच्या हातातली कोंबडी घेतली, पंखांची पिसं उलटीसुलटी करून नीट पाहिली आणि मला म्हणाली, "लिही खिएम. 'मुलांची विशेष गैरसोय होते. हलकंफुलकं चालेल.'"